दुःखद निधनाचा साचा

अंबाजोगाईत माझा आवाज सकाळी लवकर कानावर पडला की माणसं हातातलं काम थांबवतात. दात घासणारा तोंडात फेस घेऊन ओट्यावर उभा राहतो. दूधवाला गाडी बंद करतो. कारण त्या वेळी भोंगा लावलेली रिक्षा फिरली म्हणजे कुणीतरी गेलं. दुपारी हाच आवाज साड्यांचा सेल सांगतो, संध्याकाळी कुस्त्यांची दंगल सांगतो, तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सकाळी मात्र मी यमाच्या दरबारातला भालदार.

मला या कामात मजा येते, हे आधीच सांगून टाकतो. बाजारात गेलो की मेथीची जुडी निवडताना एखादी म्हातारी म्हणते, "माझ्या टायमाला जरा दमानं बोल बाबा. त्या वरच्या गल्लीवालीचं सांगताना लई घाई केलतीस."

"मावशी, तुमच्यासाठी स्पेशल."

"आन् सासरचं गाव न्हाई घ्यायचं. माहेरचं घ्यायचं."

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझी एक खोली आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत, म्हणजे आवाज घुमत नाही. माईकवर बायकोच्या जुन्या पायमोज्याचं टोपडं आहे. घुमायचा आवाज नंतर कॉम्प्युटरातून घालायचा. त्याला आम्ही घुमारा म्हणतो. घुमारा म्हणजे माणूस विहिरीच्या तळाशी उभा राहून बोलतोय असं वाटायला लावणारी जादू, आणि ती एका खास प्रोग्राममध्येच होती. हा प्रोग्राम मी कुणाच्या तरी सीडीवरून चढवला होता. विकत घेतला असता तर खोली विकावी लागली असती.

त्याच प्रोग्राममध्ये माझा साचा होता. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की', मग मोकळी जागा, मग 'यांचे दुःखद निधन झाले आहे', पुन्हा मोकळी जागा, 'अंत्यविधी', आणि वेळ. कुणी गेलं की मी फक्त नाव, गाव आणि वेळ म्हणायचो आणि प्रोग्राम ते त्या जागांत नेमकं बसवायचा. चहा निवेपर्यंत काम तयार.

हा साचा तयार झाला माझ्या वडिलांच्या दिवशी. ते गेले त्या सकाळी दुसरं कोण सांगणार म्हणून मीच माईकपुढे बसलो. 'अत्यंत दुःख' म्हणताना माझा आवाज मध्येच तुटला. पुन्हा म्हणायची ताकद नव्हती, तसंच जाऊ दिलं. दहाव्याला आलेले लोक पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलले आणि दुसऱ्यांदा त्या तुटलेल्या आवाजाबद्दल. मग पुढचं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, आमच्या आईचं पण तसंच करा. तसंच कसं करणार? तेच घेतलं. तेव्हापासून तालुक्यातला प्रत्येक माणूस माझ्या वडिलांच्या दुःखात गेला. कुणाला कमी पडलं नाही.

तयार झालेल्या घोषणा मात्र आम्ही ठेवत नव्हतो. आमच्या रिक्षावाल्याचा नेम होता. संध्याकाळी भोंगा उतरवला की पेन ड्राइव्ह पुसायचा, आणि माझ्याकडूनही पुसून घ्यायचा. "मेलेलं माणूस मी रिक्षात मुक्कामाला ठेवत न्हाई, मालक," असं म्हणायचा. त्यामुळे साचा होता तो एकाच जागी, त्या प्रोग्रामच्या पोटात.

मग ते कॉम्प्युटरचं मशीन बिघडलं. बिघडलं म्हणजे बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. पडद्यावर आपोआप चौकटी उघडायला लागल्या, न कळणाऱ्या लिपीतल्या. बाण आपला आपण सरकायचा. एका संध्याकाळी साड्यांच्या दुकानाचा मालक समोर बसला होता, त्याची जाहिरात मी वाजवून दाखवत होतो, आणि 'पैठणी, कांजीवरम' यानंतर मशीन स्वतःहून बोललं, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." आणि थांबलं. मोकळी जागा. मालक खुर्चीत ताठ झाला. मी माउस आपटला. मशीननं शांतपणे पुढचं म्हटलं, "यांचे दुःखद निधन झाले आहे."

मालकानं त्या दिवशी चहा घेतला नाही.

बायकोचा धाकटा भाऊ कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्यानं येऊन बराच वेळ पडदा पाहिला. 

"दाजी," शेवटी म्हणाला, "हे मशीन आता तुमचं एकट्याचं राहिलं नाही. अजून कुणीतरी यात बसतंय."

"कोण?"

"ते कळत नाही. सगळं पुसायचं आणि लिनक्स टाकायचं. उघड्यावरची सिस्टीम आहे, कुणीही आत बघावं. चोरीची कॉपी नाही, किल्ली नाही, भानगड नाही."

"आणि माझा प्रोग्राम?"

"तो त्यात चालत नाही."

"घुमारा?"

"नाही."

"साचा?"

"साच्याची फाईल राहील. उघडणार नाही."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "टाक रे बाबा. ते मशीन असं आपलं आपण बोलायला लागलं तर मी माहेरी येईन." तिला मी सांगत होतो की कलावंताचं हत्यार काढून घेतलं की काय उरतं. ती म्हणाली, "तोंड उरतं. ते कुठं कमी आहे तुम्हाला."

असं लिनक्स आलं. जुना सगळा माल त्यानं वेगळ्या एका काळ्या डबीत, म्हणजे बाहेरून जोडायच्या डिस्कमध्ये भरून दिला आणि डबी माझ्या हातात ठेवत बजावलं, "दाजी, ही मी लिनक्सच्या पद्धतीनं बांधलीय. नेहमीच्या सिस्टीमच्या मशीनला ही ओळखू येत नाही. ते मशीन विचारतं, डिस्क पुसून नव्यानं तयार करू का? हो म्हणालात की संपलं. दुसऱ्या कुणाच्या मशीनला लावू नका."

नव्या सिस्टीमवर रेकॉर्डिंगचा एक फुकट प्रोग्राम होता. चांगला होता, पण घुमारा म्हणून जे काही त्यात होतं ते पत्र्याच्या शेडमध्ये बोलल्यासारखं वाटायचं. आणि दर वेळी सगळं नव्यानं म्हणावं लागायचं. प्रत्येक मेलेल्या माणसासाठी नवं दुःख कुठून आणायचं? पहिल्या घोषणेनंतर रिक्षावाला परत आला तो तोंड पाडूनच.

"लोकं म्हनत्यात, मालकाला सर्दी झाली का?"

"सर्दी नाही, लिनक्स झालंय."

"मंग औषीद घ्या. कावून उगाच अंगावर काढताव."

मीही वैतागलो होतो. पण मशीन आता शांत होतं. रात्री बंद केलं की बंद राहायचं. मला त्या शांततेची हळूहळू सवय झाली, आणि तेवढ्यात पांढरी जीप आली.

दिवस ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे होते. नांदूरघाटाकडच्या एका गावात एक निवृत्त मास्तर सरपंचपदाला उभे होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. समोरचं पॅनल गावातल्या जुन्या पुढाऱ्याचं, आणि जीपमधून उतरलेला दादा त्या पुढाऱ्याचा माणूस. पांढरे कपडे, पांढरे बूट, मोबाइल दोन. खोलीत शिरल्यावर त्यानं आधी भिंतीवरचे ट्रे बोटानं दाबून पाहिले.

"बाहेर आवाज जात न्हाई व्हय?"

"नाही जात."

"झ्याक." तो बसला. "कलाकार, एक निधन करायचंय."

मी कागद ओढला. "नाव?"

त्यानं गुरुजींचं नाव सांगितलं. माझा हात थांबला. "कधी गेले?"

"कुठं गेलेत? हायत की. सकाळी चहा पितानी बघून आलतो."

तो हसला, मीही हसलो. मग तो हसायचा थांबला.

त्याचा हिशोब सरळ होता. गुरुजींना मानणारी अर्धी माणसं ऊसतोडीला गेली होती, कारखान्यांवर पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या टाकून राहत होती. मतदानाला त्यांना आणायला गुरुजींच्या माणसांनी ट्रक ठरवले होते. माझ्या आवाजातली घोषणा मोबाइलवरून एकदा त्या कोप्यांवर गेली, की कोण येतंय? ज्याला मत द्यायचं तोच नाही, तर तोड सोडून मुकादमाच्या शिव्या कोण खाणार? खरं काय ते कळेपर्यंत मतदान उरकलं असतं.

"लोकं तुझ्या आवाजाला फोन लावून इचारत न्हाईत," दादा म्हणाला. "डायरेक रडाया लागत्यात."

मला तेवढ्यातही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"दादा, ही गंमत अंगलट येईल," मी म्हणालो.

"गंमत कुठं हाय." त्यानं मोबाइल उलटा ठेवला. "आमच्यात दोन मतं हायत. येक म्हनतंय आवाजानं भागवू. दुसरं म्हनतंय आवाजाची काय गरज हाय. मी आवाजवाला हाय, कलाकार. माझं ऐक."

अंड्यांच्या ट्रेमुळे त्या खोलीत बोलणं संपलं की एकदम संपतं. मागे काही रेंगाळत नाही. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

मी मग नाटक केलं. खुर्ची फिरवली, लिनक्सची काळी खिडकी उघडली, तिच्यात येईल ते टाइप केलं. पांढरी अक्षरं धडाधड खाली पळाली. "बघा! सिस्टीमच बदलली. तो साचा, तो घुमारा, काही चालत नाही. आता नुसता म्हटलेला आवाज लोकांना ओळखू पण येत नाही, सर्दी झाली म्हणतात. माझा सगळा जुना आवाज या डबीत आहे," आणि मी ती काळी डबी उचलून टेबलावर ठक्‌ करून ठेवली, "पण ही उघडणार कशात? माझं मशीन मुकं झालंय, दादा!"

प्रयोग उत्तम झाला. टाळ्या मिळाल्या असत्या. दादानं डबीकडे पाहिलं.

"म्हंजे ज्यात उघडंल ते मशीन आणलं की झालं."

तो गेल्यावर मी डोकं धरून बसलो. घरी बायकोला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "डबी दाखवायची काय गरज होती?" मी म्हणालो, प्रसंगाची मागणी होती. त्यावर ती जे म्हणाली ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा लॅपटॉप घेऊन आला. त्यात माझा तोच प्रोग्राम होता, कुणाकडून तरी चढवून आणलेला. बरोबर एक जाडजूड गडी, जो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"डबी," दादा म्हणाला.

मला मेव्हण्याचं बोलणं आठवत होतं, अक्षर न अक्षर. नको, लावू नका, असं मी म्हणू शकलो असतो. किंवा काहीच म्हणायचं नाही, हेही जमण्यासारखं होतं, आणि आयुष्यात गप्प बसण्याची वेळ माझ्यावर फार आलेली नाही. मी डबी दिली. वायरही दिली. त्यानं जोडली. पडद्यावर चौकट आली.

"काय इचारतंय हे? पुसून तयार करू का?"

"तुमचं मशीन आहे, दादा. मला आता लिनक्सचं कळतं, त्यातलं विसरलो."

त्यानं वैतागून माझ्याकडे पाहिलं. गड्याकडे पाहिलं. गड्यानं खांदे उडवले. चौकट पुन्हा आली. घाईच्या माणसाला चौकट आवडत नाही. तो 'हो' म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा 'हो' म्हणाला. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि मी ती शेवटपर्यंत पाहिली. माझ्या वडिलांच्या सकाळी तुटलेला आवाज त्या पट्टीखाली होता. पट्टी भरली, डबी उघडली, आणि डबी रिकामी होती.

"फाईल कुठं हाय?"

"होती," मी म्हणालो.

"कुठं हाय बे?"

"तुम्ही हो म्हणालात ना, दादा. त्याला वाटलं नवी करायची."

तो उठला. मला वाटलं आता लॅपटॉप माझ्या डोक्यात बसतो. पण त्यानं माईक ओढून माझ्या तोंडाला लावला. पायमोज्याचं टोपडं माझ्या ओठांना लागलं. "मंग तोंडानं बोल. सर्दी तर सर्दी. आत्ता."

मी कानाला हेडफोन लावले. तोंड उघडलं. आणि शपथेवर सांगतो, कोंबडीचा गळा दाबल्यावर येतो तसा आवाज बाहेर आला. 'कळविण्यास'मधला 'क' फुटला आणि पुढचं सगळं घशात राहिलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कोंबडी. ही भीती होती की अभिनय, हे बायको आजही विचारते. मी सोयीप्रमाणे उत्तर देतो.

दादानं ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो आवाज ऐकून मेल्यालं माणूस बी जित्तं व्हईल." दारातला गडी बाजूला झाला. जाताना दादा वळला. "उद्या येतो. घसा साफ करून ठेव. उद्या न्हाई झालं, तर मी आवाजवाला राहत न्हाई."

जीप गेली तसा मी गुरुजींना फोन लावला. माझा आवाज अजून फाटलेलाच होता. आधी त्यांना मी कोण ते कळेना, मग कळलं. सगळं सांगितलं. 

"म्हणजे मी निवडणुकीतून खाली बसलो तर वाचतो," ते म्हणाले, "आणि न्हाई बसलो, तरी तुम्ही बोललात तर वाचतो."

"असंच दिसतंय, गुरुजी."

"आणि तुम्ही बोलणार न्हाई."

"नाही."

"मग माझी पंचाईत तुम्हीच केलीत की!" आणि ते चक्क हसले. "येतो मी तिकडं. चहा ठेवा."

ते एसटीनं आले, एकटेच, हातात पिशवी. खोलीत बसून चहा प्यायले. मला सुचलं ते मी त्यांना सांगितलं. जिवंत माणूस मेला असं सांगायला दादाच्या पॅनलला माझा आवाज हवा होता. मग जिवंत माणूस जिवंत आहे, हे आपण आधी सांगायचं. त्याच थाटात, सकाळच्या त्याच वेळी, रिक्षावरून, आणि तीच क्लिप आजच कोप्यांवर. कारण एकदा सगळ्या मुलखानं ऐकलं की हा माणूस धडधाकट आहे, की मग त्याला उद्या काही झालं तर लोक कारण विचारतील.

"पण आवाज?" गुरुजी म्हणाले. "तुमची तर कोंबडी झालीय."

मी कोमट पाणी प्यायलो आणि माईकपुढे बसलो. गुरुजी समोर बसले, पिशवी मांडीवर, शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर बसावं तसे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बोललो. ना साचा, ना घुमारा. "कळविण्यास अत्यंत आनंद होतो की" म्हणालो, त्यांचं पूर्ण नाव घेतलं, आणि म्हणालो, "हे हयात आहेत. त्यांची तब्येत उत्तम आहे. ते आपल्या राहत्या घरी आहेत, सकाळी फिरायला जातात, कुणालाही भेटतील. याउपर वेगळं काही कानावर आलं तर आधी त्यांच्या घरी फोन करावा." नाव घेताना आवाज तुटला. या वेळी साच्यातून नाही, समोर बसलेल्या माणसाकडे बघून. पुन्हा घेतलं नाही.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "निधनासारखंच वाटतंय की हो," म्हणाले.

रिक्षावाला तयारच होईना. "जित्या मानसाची रिक्षा सकाळी फिरवायची? लोकं मारत्याल मला!"

"मी बसतो मागं," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या गावात जे झालं ते मी रिक्षावाल्याकडूनच ऐकलं, आणि त्यानं ते प्रत्येक वेळी थोडं वाढवून सांगितलं. माझा आवाज आला तशी माणसं दारात आली. नाव ऐकलं, पुढचं कोण ऐकतंय! एका म्हातारीनं तर पदर तोंडाला लावून गळा काढला. तेवढ्यात रिक्षा तिच्यापुढून गेली आणि आत बसलेल्या गुरुजींनी तिला हात केला. म्हातारी मटकन खाली बसली आणि शिव्या द्यायला लागली, आधी गुरुजींना, मग मला. "त्या भोंग्यावाल्याला म्हनावं, माझ्या टायमाला तू येऊच नको!"

कोप्यांवर क्लिप आदल्या संध्याकाळीच पोचली होती. ट्रक भरून आले. गुरुजी निवडून आले.

पण त्याआधी, रिक्षा फिरली त्याच दुपारी, जीप माझ्या दारात थांबली होती. दादा आत आला नाही. काच खाली करून त्यानं मोबाइल माझ्याकडे धरला. माझाच आवाज, गुरुजींचं नाव, तो तुटलेला सूर.

"लई गोड बोललास," तो म्हणाला. "कोंबडी बरी झाली म्हनायची." मग मोबाइल खिशात ठेवला. "नाव आलं तुझ्या तोंडून. आता त्याम्होरचं निधन आमी जमवू. घाई न्हाई."

दादा रिकामी डबी टेबलावरच टाकून गेला होता. ती तपासून मेव्हणा नंतर म्हणाला, दाजी, त्या डबीतून जुना आवाज थोडाफार परत काढता येईल, वरवरचंच पुसलं गेलंय. मी नको म्हणालो. तो आग्रह करत राहिला, बायको पण म्हणाली, वडिलांचं आहे, काढून घ्या. मी डबी त्याच्याकडून घेतली आणि आडाच्या कठड्यावर दगडानं ठेचली. ती ज्यात उघडते ती मशीनं अजून गावोगाव आहेत.

आता प्रत्येक घोषणा मी नव्यानं म्हणतो. लोकांना पत्र्याच्या शेडची सवय झाली. सकाळी अंधार विरत असताना फोन वाजतो, तो घरचाच कुणीतरी असतो, रडत असतो, आधी नाव सांगायला लागतो. ते नाव गुरुजींचं निघेल ही धास्ती जात नाही. मी त्याला थांबवतो आणि म्हणतो, आधी गाव सांगा.